सांडलेलं झेलणारी ताटली

मी एक जुनी ताटली आहे. पत्र्याची, वर पांढरा मुलामा, काठाला निळी रेघ. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या काठाचा टवका उडालाय हे मलाही ठाऊक आहे. इतकी वर्षं राबल्यावर तुमचाही उडेल.

कारखान्यात मला पत्र्यातून कापलं, साच्यात दाबलं, मुलाम्यात बुडवलं आणि भट्टीत घातलं. तेही दोनदा. एकदाच भाजलेली पहिल्या आदळण्याला रडते. मग आम्ही डझनभर बहिणी एका टाकोच्या दुकानात आलो. दुकान म्हणजे काय, शहरातल्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी सहा टेबलं, एक खिडकी आणि दिवसभर तापलेला तवा.

टाको म्हणजे मक्याची तळहाताएवढी पोळी. तव्यावर शेकायची, त्यात परतलेलं मटण नाहीतर शिजवलेला घेवडा घालायचा, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू, झणझणीत चटणी, आणि दुमडून द्यायची. स्वस्त आणि पोटभर. पण त्याला एक खोड आहे. या बाजूने चावलं की त्या बाजूने सांडतं. तिथे मी लागते. सांडलेलं झेलायचं हे माझं काम, आणि ते मी कायम तोऱ्यात केलं.

मध्ये आमच्या मालकांना हौस आली. रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या ताटल्या आणल्या. "किती छान, किती हलक्या," म्हणून गिऱ्हाइकांनी कौतुक केलं. मला खिडकीतल्या कुंडीखाली बसवलं, झिरपलेलं पाणी धरायला. दोन वर्षं मी चिखल सांभाळला. मग गरम टाकोंनी त्या नटव्यांची अंगं वाकडी झाली, तेव्हा मालकांनी मला घासूनपुसून परत आणलं. म्हणे, जुनं ते सोनं. दोन वर्षं हे सुचलं नव्हतं.

एका दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर बहीणभाऊ येऊन बसले. दोघांचेही केस पांढरे. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. वर्षापूर्वी आजारी पडला, उजवा हात थरथरू लागला, आणि चारचौघांत जेवणं त्याने सोडलं. घरीसुद्धा दार लावून जेवायचा. हे सगळं मला बहिणीच्या तोंडून कळलं, कारण तिचं तोंडही माझ्यासारखंच, कधी बंद न होणारं.

"वर्षभर मी दाराशी बोलतेय," ती म्हणाली. "आज माणसाशी बोलत जेवणार."

"ताई, मला भूक नाही."

"मघाशी बसमध्ये तुझं पोट बोलत होतं. शेजारच्या बाईने वळून बघितलं."

टाको आले. दोन माझ्यावर, दोन दुसऱ्या ताटलीत. मला भावापुढे ठेवलं. त्याचे हात टेबलाखालीच. तो इकडेतिकडे बघत राहिला. पुढच्या टेबलावर एक टॅक्सीवाला कोपरापर्यंत चटणीने माखला होता. कोपऱ्यातल्या साहेबांनी टाय खांद्यावर टाकला होता, तरी शर्टावर डाग पडलाच होता.

हळूहळू भावाचा हात वर आला. त्याने टाको उचलला. हात असा थरथरला की अर्धं मटण आणि कांदा टपटप माझ्या अंगावर पडलं. मी कण न् कण झेलला. पण एक घास त्याच्या तोंडात गेला होता.

मालकांनी ते पाहिलं. माणूस चांगला, पण त्यांची दया त्यांच्या अकलेच्या पुढे धावते. ते लगबगीने काटा घेऊन आले आणि भावापुढे ठेवून म्हणाले, "काका, याने खा, सोपं जाईल."

सबंध दुकानात दुसऱ्या कुणापुढे काटा नव्हता. भावाने टाको माझ्यावर ठेवला. हात पुन्हा टेबलाखाली गेला.

"चल ताई," तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा दार लावून घेणार.

ताई उठली नाही. तिने काटा आपल्याकडे ओढला. "बरं झालं आणलात," ती मालकांना म्हणाली. "मी मागणारच होते. माझंच बघा किती सांडलंय."

तिच्या ताटलीत कांद्याचे जेमतेम दोन तुकडे पडले होते. आयुष्यात कुणाची मदत न घेतलेली बाई ती, तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. मग तिने मोठा घास घेतला, आणि खरोखरच भसकन सगळं खाली आलं. चटणी हनुवटीवर.

भाऊ बघत राहिला. "ताई, हनुवटी."

"असू दे. तू तुझं बघ."

"लहानपणी म्हणायचीस, सांडलंस तर धपाटा घालीन."

"तेव्हा पुसावं मला लागायचं. इथे मालक पुसतील."

तो हसला. हसता हसताच त्याचा हात वर आला. त्याने दोन्ही टाको खाल्ले, आणि पडलेलंही बोटांनी वेचून वेचून खाल्लं. चांगला अर्धा तास लागला. मग तीन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने हाक मारली, "मालक, आणखी दोन द्या. आणि माझ्या बहिणीला जरा मोठी ताटली द्या. तिचं फार सांडतं."

मित्रांनो, मला तारेच्या घासणीने खरवडू नका, आपटू नका, हे तर मी सांगणारच. पण समोर कुणाचं सांडलं, तर टक लावून बघू नका, आणि धावूनही जाऊ नका. ताटली बोटभर पुढे सरकवा आणि आपला घास घ्या.