फेसबाबाची भाजणारी वडी

शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर फेसबाबा बसले होते आणि त्यांच्या साबणाच्या वडीने आणखी एका बाईचं पाप बाहेर काढलं होतं.

"पाहा! पिवळा तळवा लाल झाला! पाप्याच्या हातातून साबणसुद्धा रक्त काढतो!"

गर्दीने हात जोडले.

मागच्या महिन्यात तिथे माझी नणंद उभी होती. ती पाळणाघर चालवते. "बाबांच्या वडीने मुलांना आंघोळ घालू नका, अंगावर चट्टे उठतात," एवढंच ती मुलांच्या आयांना म्हणाली होती. बाबांनी तिला चारचौघांत बोलावलं, तळव्यांना पिवळा लेप फासला आणि शंभर मोजेपर्यंत फेस करायला लावला. तळवे लाल झाले, मग सोलवटले. बाबांच्या चेल्यांनी मात्र आपल्या वेगळ्या वाटीतला पिवळा लेप लावून हात धुतले, तर ते लाल झालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळणाघरात एकही मूल आलं नाही.

"वहिनी, मी खरंच पापी आहे का गं?" तिने विचारलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. वीस वर्षं मी घरी साबण करते. ठरवलं, याचा सूड साबणानेच घ्यायचा.

शेजारणींकडून बाबांच्या वड्या मागून आणल्या. एक जिभेच्या टोकाला लावली, तर विजेसारखा झटका! कॉस्टिक सोडा जास्त झाला होता. तो चटका काढायला वड्या किसून, पाणी शिंपडून वितळवल्या. घाई नडली; गुठळ्या राहिल्या आणि चटकाही. दुसऱ्या खेपेला बारीक किसलं, उकळत्या पाण्यात भांडं ठेवलं, उरलेला सोडा खपावा म्हणून खोबरेल तेल मोजून घातलं आणि मंद आचेवर हलकेच ढवळत राहिले. घट्ट खळीसारखं झाल्यावर पुन्हा जीभ लावली. चटका गेला होता. मात्र बाबांचा लेप हळदीचाच असणार म्हणून हाताला हळद फासून धुतले, तर ते लालच झाले!

मी हसले. बाबा सापडले होते.

आज मी माझ्या वड्या आणि हळद घेऊन मंचावर चढले. पुढच्या रांगेतल्या बायकांना हळद फासून माझ्या वडीने हात धुवायला लावले. सगळ्यांचे तळवे लाल, पण भाजलं कुणालाच नाही.

"आता काय, सगळ्याच पापी?" एकजण ओरडली.

"बाबा, तुमची पाळी. ही घ्या, तुमचीच वडी."

बाबांनी चेल्यांच्या लेपाची ती वेगळी वाटी ओढली. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ती हिसकावून हुंगली. "ही हळद नाही, पिवळी माती आहे!"

लोकांनी हळद पुढे केली. मी मोजू लागले, अगदी सावकाश. सत्तरला बाबा किंचाळला, "भाजतंय!"

"पाप की सोडा?"

"सोडा! सोडा जास्त झालाय!"

मला दया आली नाही. तो नळाकडे धावला, तर आया वाट अडवून उभ्या. नणंदेनेच त्यांना बाजूला केलं. "भरपूर पाण्याने धू. मग माइकवर माझी माफी माग आणि चल पोलीस ठाण्यात."

तिन्ही गोष्टी झाल्या.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, कुणाच्याही हातावर. जादा सोडा कातडी जाळतो, कुणाचीही. दोघांनाही पापपुण्य कळत नाही. कुणी बोट दाखवून 'ही पापी' म्हणालं, तर हात जोडू नका. 'कसं?' असं विचारा, आणि आधी त्यालाच हात धुवायला लावा.