बर्फ नको म्हणून सांगितलं होतं

मी थर्मास बोलतोय. आधीच सांगून टाकतो, दोष गहिनीनाथचा. वयानं मोठा आहे म्हणून मी त्याला 'राव' लावणार नाही.

कोपरगावच्या बाजारात त्यानं मला घेतलं. रुंद तोंड, आत काच, बाहेर हिरवा पत्रा. तो गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. गुरांची लस बर्फात घालून माझ्यातून आणायचा. एकदाही मी लस नासू दिली नाही. शाबासकी मात्र तोच घ्यायचा.

सत्त्याण्णव साली मला नगरच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या सुनेला, रेश्माला, तीनदा दिवस गेले होते आणि तीनदा पोट मोकळं झालं होतं.

"शरीरातल्या काही लढाऊ पेशी गर्भालाच परका समजत असाव्यात, असा एक अंदाज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासायचे दोन मार्ग. रक्त, नाहीतर गर्भपिशवीच्या अस्तराचा कण. खात्री दोन्हींत नाही. पण पिशवीतल्या पेशी वेगळ्या, त्या रक्तात सापडत नाहीत. रेश्मा, तुम्ही ठरवा."

"अस्तराचाच घ्या," रेश्मा म्हणाली.

"काय बी काय!" गहिनीनाथ खेकसला. "पोटातून तुकडा काढायचा? गावात तोंड कसं दावू? रक्त घ्या."

पोट तिचं आणि तोंड ह्याचं! ज्ञानेश्वर, म्हणजे तिचा नवरा, बापाच्या चपलांकडे बघत बसला. एकोणतीस वर्षांचा घोडा.

रक्त घेतलं. बाईंनी नळी कापसात गुंडाळून माझ्यात ठेवली. "पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत. संध्याकाळच्या आत मुंबईच्या प्रयोगशाळेत द्या. बर्फ अजिबात नको."

स्टँडसमोरच्या रसवंतीवर गहिनीनाथनं माझं झाकण काढलं आणि फोडलेला बर्फ आत ओतला.

"मामा, बाई नको म्हनल्यात!"

"तू मला शिकवती? वीस वर्सं लस नेतोय. एक गाय दगावली न्हाई."

"अहो, तुमी तरी सांगा."

ज्ञानेश्वर पुटपुटला, "आबांना कळतं."

मुंबईपर्यंत मी ज्ञानेश्वरच्या मांडीवर होतो. आत बर्फ खडखडत होता. त्याला ऐकू येत होतं, कारण दर खड्ड्याला तो माझ्यावर हात ठेवायचा. झाकण काही त्यानं काढलं नाही. आणि मी? गारवा धरणं एवढंच मला येतं. मी तो इमानानं धरला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. पेशी मेलेल्या, तपासणी झालीच नाही.

"बर्फात ठेवलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. रेश्मानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

घरी सासू रतनबाईनं गल्लीभर केलं, "रगतच मेल्यालं, तर लेकरू कुठून जगायचं?"

"बर्फ होता, एवढं एकदा चारचौघांत बोला," रेश्मा नवऱ्याला म्हणाली. "मग मी पुन्हा तपासायला जाते."

तिनं पोळ्यापर्यंत वाट पाहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन ती सोनईला माहेरी गेली. त्या दिवशी ज्ञानेश्वरनं मला गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. बापाला मात्र अजूनही काही बोलला नाही.

त्याला दोन वर्षं झाली. आत फुटलेली काच घेऊन मी गव्हाणीशेजारी पडून आहे. गहिनीनाथनं नवा थर्मास आणलाय. त्याच्यात काही भराल, तर ते ज्याच्या अंगातून आलं त्याला आधी विचारा. माझं एवढंच मागणं आहे.

रेश्मा परत आली नाही. ज्ञानेश्वरला मूल नाही, बायको नाही.