गोल भोक

बिघाड: मोठा आरसा जळाला.

कारण: पत्रा सरळ बसवला.

जबाबदार व्यक्ती: मी.

हे तिन्ही रकाने प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी आधीच टाइप करून आणलेत. सही तेवढी माझी. केली की उद्यापासून स्टोअररूममध्ये बसायचं आणि सोळा वर्षं जिथे काम केलं त्या लेसरच्या खोलीकडे फिरकायचं नाही.

"बाई, उगाच ताणू नका. नोकरी जात नाहीये तुमची, जागा बदलतेय," म्हणाले. पेनही दिलं.

कारणाला दोनच ओळींची जागा. पुरणार नाही. फॉर्म उलटा करते.

लेसरचा झोत केसाहून पातळ पत्र्यावर पडला की धातूचा क्षणात प्लाझ्मा होतो, अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटलेला धगधगता ढग. ढग दाट झाला की तो प्रकाशाला आत घेत नाही, आरशासारखा उलटा फेकतो. पत्रा सरळ असेल तर प्रकाश आल्या वाटेने माघारी जातो आणि वाटेतलं सगळं जाळतो. म्हणून पत्रा नेहमी तिरका, पंचेचाळीस अंशात. दिवसभर चिमट्याने पत्रे लावते म्हणून सगळे जिला चिमटाबाई म्हणतात, तिलाही हे कळतं. सरांना कळत नाही?

कळतं. पण परवा पाहुणे होते. सरळ पडलेला झोत एका ठिपक्यात एकवटतो, पाहुण्यांना दाखवायला तीव्रतेचा आकडा मोठा येतो.

मी तिरकाच लावला होता. पेटीचं झाकण बसवलं, आतली हवा काढली. त्यानंतर पत्रा फिरवायचं बटण एकच, कंट्रोल रूममध्ये, सरांच्या खुर्चीपाशी.

आरशाभोवती सगळे हळहळत उभे होते, तेव्हा मी नेहमीसारखा वापरलेला पत्रा काढून वहीत चिकटवला. या वहीला सर माझा लग्नाचा अल्बम म्हणतात. हसा. तिरक्या पत्र्याला झोताने पडलेलं भोक लांबट असतं, अंड्यासारखं. वहीत दोन हजारांवर पत्रे आहेत, सगळ्यांची भोकं लांबट.

शेवटचं एकच गोल. बांगडीसारखं गोल.

सरांपुढे वही आणि भिंग ठेवलं. बराच वेळ वाकून पाहिलं त्यांनी. मग हळूच विचारलं, "हे आणखी कुणी पाहिलंय?"

'चूक झाली' एवढंही म्हणाले नाहीत.

"आरसा तुमच्या हातून जळाला, सर. तोंड माझं का काळं करताय?"

जबाबदार व्यक्ती: ~~मी~~

कारण: सोबतचा पत्रा पाहावा. टेपने लावला आहे.

सही: केली. फॉर्म वहीसकट संचालकांच्या टेबलावर ठेवून आले. पेन सरांना परत दिलं.