मधली पट्टी

गोदाबाईनं कात्री फरशीवर ठेवली. तिचा आवाज हवा त्याहून मोठा झाला, कारण खोलीत दुसरा आवाज उरलाच नव्हता. सतरंजीवर हळदी रंगाचं, बारीक निळ्या पाखरांचं कापड पसरलं होतं आणि त्यावर फ्रॉकचा पुढा, समोरची बाजू, पडला होता. अखंड असायला हवा होता, तो दोन तुकड्यांत. मधल्या कडेची पाखरं अर्धवट कापली गेली होती. एका तुकड्यावर नुसत्या चोची, दुसऱ्यावर नुसत्या शेपट्या.

दारात पौर्णिमा उभी होती, हातात सासूसाठी आणलेला चहा. तो ती पुढे करत नव्हती आणि परतही नेत नव्हती.

गोदाबाईनं दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. हात फिरवला. कापड जवळ आलं, पण रेघ मिटेना.

शिलाईच्या वर्गात पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं. बचत गटानं पंचायतीच्या खोलीत महिनाभर चालवलेला तो वर्ग. विशीतल्या पोरींच्या रांगेत अठ्ठावन्न वर्षांची गोदाबाई एकटी. कापड दुमडायचं. कागदावर पुढा अर्धाच आखायचा आणि कागदाची मधली बाजू कापडाच्या घडीवर ठेवायची. कापून उलगडलं की अर्ध्याचं अख्खं होतं. नातीच्या, दीपिकाच्या फ्रॉकला तिनं तसंच केलं होतं. तो शिवून तयार, खुंटीला लटकत होता. पौर्णिमाच्या खुशीच्या फ्रॉकला कागद उलटा पडला. मधली बाजू घडीवर न येता मोकळ्या कडेवर आली, आणि कात्री सगळीकडून फिरली.

"चुकलं वं," ती अखेर म्हणाली.

"हौ. दिसून राह्यलं."

"मोतीलालच्या दुकानात तागा संपला. उरलंसुरलं होतं ते कालच मोजून देलं त्यानं. आता रुमालापुरतंही नाही म्हणे."

"दीपूचं नाही चुकलं, आई."

गोदाबाईनं टेप उचलला आणि बोटाभोवती गुंडाळायला घेतला.

"तिचं माप तुम्ही तिले उभं करून घेतलं. खांदा, छाती, उंची, सारं. खुशीचं कव्हा घेतलं?"

"दीपूपेक्षा चार बोटं उंच आहे ते. अंदाजानं..."

"अंदाजानं," पौर्णिमा म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. चढवला असता तर गोदाबाईला बरं वाटलं असतं.

आतल्या खोलीतून गोदाबाईचा मुलगा वीरेंद्र ओरडला, "अरे, मी उद्या गोंदियाहून रेडिमेड आणतो न! परवा मंडई. खतम किस्सा!"

"मागच्या सालीही रेडिमेडच होता," पौर्णिमा म्हणाली. कपबशी तिनं मशीनच्या फळीवर ठेवली आणि आत निघून गेली. बशीत सांडलेला चहा बराच वेळ थरथरत राहिला.

*

राजेगावच्या या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. गोवारी गुराखी नाचतात, दंडारीचं लोकनाट्य उभं राहतं, शिंगाड्यांचे ढीग लागतात. आणि एकेका घरची सगळी लेकरं एकाच ताग्यातल्या कापडाचे कपडे घालून येतात. कोणी ठरवून दिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं तसंच चालत आलं आहे. पारावर बसलेल्या बायका कापडावरून घर ओळखतात: हे पट्टेवाले टिकारामचे, ते ठिपक्यांचे चैतरामकडचे. वीरेंद्र आणि त्याची बहीण लहानपणी असेच निळ्या चौकडीत फिरले होते. गर्दीत पोर हरवलं तर लोक त्याचं नाव विचारत नसत. कापड पाहून घरी आणून सोडत.

दीपिका मंजूची, वीरेंद्रच्या पहिल्या बायकोची. मंजूला जाऊन चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी वीरेंद्रनं लालबर्ऱ्याच्या पौर्णिमाशी दुसरं लग्न केलं. तीही नवरा गमावलेली, आणि तिच्याबरोबर खुशी आली, दीपिकाहून वर्षानं मोठी. खुशी घरात अशी वावरे की भांड्याला भांडं लागू नये. दीड वर्षात तिनं गोदाबाईला काहीही म्हणून हाक मारली नव्हती. जवळ येऊन उभी राही, आणि गोदाबाईनं पाहिलं की बोले. हाक टाळून वाक्य पुरं करण्याचं तिचं ते कसब गोदाबाईला रोज दिसे आणि रोज टोचे.

मागच्या मंडईला दीपिकाच्या अंगावर ताग्यातला फ्रॉक होता, आणि खुशीच्या अंगावर लाल जाळीचा, बाजारातून आणलेला. खैरलांजीची चुलत नणंद गंगूबाई पाराशी भेटली. "हे दीपू. अन् ही लाल परी कोणाची वं?" तिनं विचारलं. गोदाबाईच्या तोंडून शब्द निघून गेला होता: "पाहुणी आहे." एवढंच. वाईट काही नव्हतं त्यात. पाहुण्याला तर मान असतो. पण खुशीनं हातातली जिलेबी तशीच कागदात गुंडाळली आणि घरी येईपर्यंत खाल्ली नाही.

त्या एका शब्दासाठी गोदाबाई वर्गात जाऊन बसली होती. पोरी हसल्या, सुईनं बोटं फोडली, पायमशीन उलटं फिरून दोरा तुटत राहिला. ती उठली नाही. दोघींचे फ्रॉक आपल्या हातानं शिवायचे, एकाच ताग्यातले. आणि कोणी विचारलंच तर काय सांगायचं, तेही तिनं विहिरीवर, चुलीपुढे, मनातल्या मनात म्हणून ठेवलं होतं: नात आहे माही. मोठी नात.

आणि आता हे दोन तुकडे.

आपण चुकलो हे सांगणं सोपं होतं. पण ती एकटी बसली तेव्हा तिला कात्री चालवतानाचा तो क्षण आठवला. कागद ठेवता ठेवता एक विचार माशीसारखा येऊन बसला होता: एवढ्या कापडात दीपूचे दोन झाले असते, मंजू असती तर तिनं दोन शिवले असते. तिनं ती माशी उडवली. पण तेवढ्यात हातानं कागद कुठे ठेवला? हात चुकला होता, की हाताला आतून कोणी हलवलं होतं? गोदाबाईनं पुष्कळ आठवून पाहिलं. त्या जागी तिला काहीच सापडलं नाही, आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी खुशी शाळेतून आली. दप्तर खुंटीला अडकवून दारापाशी उभी राहिली.

"इकडे ये," गोदाबाई म्हणाली. "माप घेतो तुझं."

खुशी आली. दोन्ही हात अंगाला चिकटवून, श्वास रोखून उभी राहिली. जणू जितकं कमी भरेल तितकं बरं.

"श्वास सोड, माय. कापड लागते तेवढं लागते."

खुशीनं श्वास सोडला. गोदाबाईनं टेप फिरवला आणि आकडा पाहून तिचा हात थांबला. पोरगी उंच होती खरी, पण छातीत दीपिकाहून दीड बोट बारीक. चार बोटांचा अंदाज, आणि तोही एकाच बाजूनं बरोबर. तिनं पुन्हा मोजलं. आकडा बदलला नाही.

"मेरा फ्रॉक फट गया न?" खुशीनं हळूच विचारलं.

"फाटला नाही. मीनं कापला."

"जोडून देल्ला तरी चालते. ओढणी घेईन वरतून."

आठ वर्षांच्या पोरीनं छातीवरची शिवण झाकायची सोय आधीच शोधून ठेवली होती. गोदाबाईनं टेप गळ्यात टाकला आणि उगाचच दोऱ्याचं रीळ शोधू लागली. रीळ समोरच होतं.

खुशी अंगणात गेल्यावर तिनं ट्रंक उघडली. आपल्या जुन्या हिरव्या पातळाचा काठ उसवून काढला, चार बोटं रुंद, लांबच लांब. खुशीच्या पुढ्याच्या दोन तुकड्यांमध्ये गळ्यापासून घेरापर्यंत तो धरून पाहिला. पट्टी शोभली. फ्रॉक सुंदर दिसणार होता. पण पारावर बसलेल्या बायकांची नजर तिला ठाऊक होती. एकीला पट्टी, एकीला नाही. ताग्याचं कापड एक असलं तरी त्या काय समजायचं ते समजणार होत्या.

ती उठली. खुंटीवरचा दीपिकाचा फ्रॉक काढला. त्याची प्रत्येक टीप तिच्या ओळखीची होती. डाव्या खांद्याची तीनदा उसवलेली, काखेतली जरा वाकडी गेलेली. आयुष्यात तिनं शिवलेली ती पहिली पुरी वस्तू. तिनं तो सतरंजीवर पालथा घातला, मग उलटला. गळ्याच्या मध्यावर कात्रीचं टोक ठेवलं.

पौर्णिमा धान वाळत घालून आत आली, ती तिथेच थबकली.

कात्री चालली. सरळ, न थांबता, पाखरांमधून, घेरापर्यंत. कागद नव्हता, घडी नव्हती. या वेळी हात कुठे जातो आहे हे गोदाबाईला पुरतं ठाऊक होतं.

"आई," पौर्णिमा म्हणाली. ती खाली बसली. सुईत हिरवा दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला. दोरा ओठांत ओला करून तिनं पुन्हा ओवला आणि सुई सासूपुढे धरली.

*

मंडईत धूळ होती, बासऱ्या होत्या, शिंगाड्यांचा ओला वास होता. दोघी पोरी पुढे, हळदी फ्रॉक, निळी पाखरं, मधोमध हिरवा काठ. दीपिकानं सकाळी थोडी कुरकुर केली होती. मग आरशात दोघींना एकत्र पाहून ती कुरकुर विसरली.

गंगूबाई पाराशीच होती. तिनं दीपिकाच्या फ्रॉकचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"बाप्पा! तू शिवले? अवं, या वयात?"

"हौ."

"एकाच ताग्यातले दिसते. अन् ही मधात पट्टी कायले?"

"कापड चुकलं होतं."

"कोणाच्या हातून?"

"माह्या."

"दोघींचंही?"

"हौ," गोदाबाई म्हणाली. "दोघींचंही."

पौर्णिमा बाजूला शिंगाडे निवडत होती. तिचा हात ढिगावर थांबला.

गंगूबाई हसली आणि मग खुशीकडे वळली. डोळे बारीक करून तिनं पोरीचा चेहरा आठवला.

"अन् तू तं मागच्या सालची पाहुणी न वं? लाल परी! सांग बरं, कोणाची तू?"

गोदाबाईच्या ओठांवर वर्षभर म्हणून ठेवलेलं वाक्य आलं. पण प्रश्न तिला नव्हता. खुशीनं मान वर करून गोदाबाईकडे पाहिलं, नीट, दीड वर्षात पहिल्यांदाच इतका वेळ. बोट आपल्या गळ्यापासून हिरव्या काठावरून खाली ओढत आणलं, जिथे गोदाबाईची टीप जराशी वाकडी गेली होती तिथवर. तिथे ते क्षणभर थांबलं.

मग तिनं दीपिकाचं मनगट धरलं आणि पाळण्यांच्या दिशेनं चालू लागली. गर्दीत दोघींच्या पाठी दूर जात राहिल्या. मागच्या बाजूला कापड कुठेच कापलेलं नव्हतं; दोन्ही पाठी सारख्याच, अखंड, पाखरांनी भरलेल्या.