सात किलोच्या आत

आमचे हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानांतले तराजू तपासले. बाजारात लोक यांना मागून छटाकसाहेब म्हणायचे आणि समोरून नुसते हात जोडायचे. काटा मारणारा दुकानदार यांना रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचा. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते मला विचारा. एकतीस वर्षांत "माझं चुकलं" एवढं यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. चुकतच नाही तर म्हणू कशाला, असं यांचं म्हणणं.

तर लेकीकडे जायचं ठरलं. तिकीट काढलं सगळ्यांत स्वस्त विमानाचं, म्हणजे ते माणसं नेतात, सामान नेत नाहीत. प्रत्येकी हातातली एक बॅग, सात किलो. वर एक ग्रॅमही नाही. यांना हा नियम फारच आवडला. आठवडाभर बैठकीच्या खोलीत काटा मांडलेला. माझ्या साबणाच्या डबीपासून मोज्यांपर्यंत सगळ्यांची वजनं झाली. लेकीने जुना फोटोंचा अल्बम मागितला होता, तो तर यांनी उचलूनही पाहिला नाही.

"फोटोंचे फोटो काढून पाठव. त्यांना वजन नसतं," म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी यांची बॅग भरली सहा किलो नऊशे ऐंशी. "संपला विषय," असं म्हणून हे दाढी करायला गेले.

दाढीला यांना बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात मी अल्बम यांच्या शर्टांखाली सरकवला. माझी बॅग आधीच काठोकाठ, मग काय करणार? आणि म्हटलं, विमानतळावर कोण मेलं वजन करत बसतंय!

करतात. विमानात सोडायच्या दारापाशी एक तरुण बाई काटा घेऊनच उभी होती. माझी बॅग सुटली. यांची ठेवली तर सात किलो पाचशे नव्वद.

हे त्या काट्याकडे बघून चक्क हसले. "बाई, तुमचा काटा चुकतोय."

"सर, सगळ्यांना हाच काटा आहे."

"म्हणजे सगळ्यांनाच चुकतोय."

मागे पन्नासेक माणसं उभी. हे शांतपणे कोटाच्या खिशात हात घालतात आणि पितळेचं वजन बाहेर काढतात! अर्धा किलो, सरकारी शिक्क्याचं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेलं. खिशात का, तर खिसा बॅगेत धरत नाहीत. बाई दमलेली होती, ती म्हणाली, "ठेवा एकदाचं."

काट्याने दाखवलं पाचशे. यांनी वजन उचललं, रुमालाने पुसलं, परत ठेवलं. पाचशे.

हे बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. निवृत्त झाल्यापासून यांनी एक धास्तीच घेतली होती. गॅस बंद आहे ना, ते तीनतीनदा बघायचे. मागच्या महिन्यात जुन्या साहेबांचं नाव आठवेना, तर दिवसभर जेवले नाहीत. "माझं डोकं चालेनासं झालं का गं?" असं विचारलं होतं मला. आणि आता वजनही कळेनासं झालं, असं यांना वाटणार. मी एक शब्द बोलले असते तर सुटला असता प्रश्न. पण भर रांगेत माझी काय शोभा झाली असती! मी मूग गिळून उभी राहिले. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी उभी राहिले.

"सर, बॅग उघडा," बाई म्हणाली. "एखादी वस्तू काढून हातात धरा, म्हणजे झालं."

मेले! वरचे दोन शर्ट उचलले की अल्बमच.

"उघडायला नको," हे म्हणाले. "माझंच चुकलं. दंड किती?"

दंड तिकिटापेक्षा जास्त होता. यांनी निमूट भरला.

विमानात हे डोळे मिटून बसले. पितळेचं वजन मांडीवर. मला काही ते बघवेना. विमान वर चढलं तसं मी म्हटलं, "अहो, तुमचं काही चुकलं नाही. अल्बम मी घातला होता."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"वजन दुसऱ्यांदा ठेवलं तेव्हा. त्यांचा काटा बरोबर, घरचा काटा बरोबर. मग उरलं कोण? घरात राहतो दोघं, त्यातला एक मी."

"मग माझंच चुकलं कशाला म्हणालात?"

"नाहीतर काय, पन्नास माणसांत तुला पकडून द्यायचं?"

मला रागही आला आणि रडूही आलं. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते एकदाचं कानावर पडलं, तर तेही खोटं निघालं. मी यांचा हात धरला तो विमान उतरेपर्यंत सोडला नाही.