कंट्रोल रूममधल्या सासूबाई

कालव्यावरच्या नव्या वीजघरात जनित्र बसलं आणि ते ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडायचं काम जावयाकडे आलं. जावई कुणाचा, हे आधी सांगायला हवं. वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये सकाळच्या पाळीला ज्या बाई बसत, त्यांचा. त्यांच्या परवानगीवाचून त्या भागात कुणाला ग्रिडला जोडून घेता येत नसे.

सासूबाई घरी जावयाचं ताट रिकामं होऊ देत नसत. त्यानं "नको" म्हटलं की त्यांना "थोडंच वाढा" असं ऐकू यायचं. त्यामुळे त्यानं वीजघराच्या मालकांना बिनधास्त सांगून टाकलं होतं, की काळजी करू नका, घरचंच काम आहे. मालक तेवढ्यावर हुरळले. त्यांनी पाहुणे बोलावले, खुर्च्या मांडल्या, फोटोग्राफर आणला.

काम तसं नाजूक. चालत्या गाडीत चढायचं तर आधी तिच्याबरोबर धावावं लागतं, नाहीतर माणूस तोंडावर आपटतो. जनित्राचंही तेच. त्याची चाल ग्रिडच्या चालीशी जुळावी लागते. पॅनेलवरच्या तबकडीत एक काटा फिरत असतो. चालीत फरक असेल तर तो पळतो, फरक मिटत आला की संथ होतो. संथ झालेला काटा बाराच्या खुणेवर आला की बटण दाबायचं.

जावयानं ऐटीत फोन लावला.

"आई, मी बोलतोय. जोडू ना?"

पलीकडून शांत आवाज आला, "मी म्हणजे कोण? केंद्राचं नाव सांगा. या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं."

जावयाचे कान तापले. त्यानं केंद्राचं नाव सांगितलं. बाईंनी सूचना दिल्या: काटा संथ होऊ द्या, मगच जोडा, जोडल्यावर भार हळूहळू वाढवा. तो "बरं" म्हणाला. नुसतं बरं चालणार नाही, सांगितलेलं परत म्हणून दाखवा, असं बाई म्हणाल्या. मग पाहुण्यांच्या देखत त्यानं पाढे म्हणावेत तसं सगळं म्हणून दाखवलं. फोटोग्राफरला नेमका हाच क्षण फोटो काढण्याजोगा वाटला.

परवानगी मिळाली. पण मालक मानेशी उभे राहून श्वास टाकत होते, पाहुणे घड्याळं बघत होते. काटा अजून पळतच होता. बाराच्या खुणेपाशी येतोय असं दिसताच जावयानं बटण दाबलं.

धाडकन आवाज झाला. जमीन हादरली, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि पॅनेलवरचे लाल दिवे लागले. संरक्षक यंत्रणेनं जनित्राला तिथल्या तिथे ग्रिडपासून तोडलं होतं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खुर्चीसकट मागे सरकले.

फोन वाजला. जनित्र कशामुळे सुटलं, असं बाईंनी विचारलं. मालकांनी त्याच्या कानात कुजबुजून सांगितलं, की ग्रिडकडूनच झटका आला म्हणा, कोण बघायला येतंय. जावयानं मालकांकडे पाहिलं, मग फोनकडे.

"माझी घाई झाली," तो म्हणाला. "काटा वेगात होता. तुमच्याकडून काही चूक नव्हती."

बाईंनी ते ऐकून घेतलं आणि यंत्र उघडून तपासल्याशिवाय पुन्हा जोडायचं नाही, एवढंच सांगून फोन ठेवला.

तपासणीत दुपार गेली. मेकॅनिकनं एकेक बोल्ट हातानं चाचपला, तारांचं वेटोळं मीटर लावून पाहिलं. सगळं शाबूत निघालं. तोवर पाहुणे पांगले होते आणि बाईंची पाळीही संपली होती. जावयानं धास्तावतच फोन लावला. आता नवा माणूस, त्याला सगळी कथा पहिल्यापासून ऐकवायची, झालेली फजिती पुन्हा उगाळायची.

पण पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई जाताना सांगून गेल्यात. त्या केंद्रावरचा माणूस चुकला तर चुकलो म्हणतो. तो तयार आहे म्हणाला की तयार आहे असं समजा."

मग त्या माणसानं सूचना दिल्या आणि जावयानं त्या कुणी न सांगताच परत म्हणून दाखवल्या.

या वेळी चाल जुळवायला त्यानं पाण्याचं दार केसभर उघडलं, केसभर मिटलं. काटा संथ झाला. एकदा बारावर आला, त्यानं जाऊ दिला. पुन्हा आला, पुन्हा जाऊ दिला. मालक कळवळून म्हणाले, आता तरी दाबा. त्यानं दाबलं नाही. पुढच्या खेपेला काटा गोगलगायीसारखा सरकत वर आला, तेव्हा त्याचं बोट हललं.

टक् असा बारीक आवाज झाला, बस्स. काटा बारावर थांबला.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?" मालकांचा चेहरा पडला. सकाळचा कार्यक्रम जास्त रंगला होता, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

घरी आल्यावर जावयानं बायकोला सगळं सांगितलं. आईचं ते वाक्य ऐकून ती हसत सुटली.

"चुकलो म्हणणारा माणूस? आईनं हे आजवर बाबांबद्दलसुद्धा म्हटलेलं नाही."

हे बाबांच्या कानावर घालू नकोस, अशी त्यानं गळ घातली. पण तोवर तिनं बाबांना फोन लावलाही होता.