मी न मोजलेले कॉल

मी पेडण्याच्या बाजारातल्या एका एसटीडी बूथमधला मीटर बोलतोय. तसं बोलणं हे माझं काम नव्हे. लोक बोलतात, मी मोजतो. पण माझ्या मोजण्यावरच संशय आला, तेव्हापासून मला गप्प राहवत नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. काळ्या पेटीत मला एक घड्याळ मिळालं, लाल आकड्यांची खिडकी मिळाली आणि कागदाची गुंडाळी मिळाली. फोनची तार माझ्यातून जाते. नंबर लावला की मी तो टिपतो, पलीकडे कुणी उचलला की मोजू लागतो आणि रिसीव्हर खाली ठेवला की पट्टी छापून देतो. वरच्या कोपऱ्यात एक बारीक पिवळा दिवाही आहे. तार मुकी झाली की तो लागतो. कारखान्यात तो एकदाच लावून पाहिला होता.

१९९४ साली यशोदाने मला म्हापशाच्या दुकानातून विकत घेतलं. तिचा डावा पाय लहानपणीच्या तापात अधू झाला होता, म्हणून अपंगांसाठी राखलेल्यांतला एक बूथ तिला मिळाला होता. शुक्रवारच्या बाजाराची गर्दी होती. पेडण्याच्या बसमध्ये तिने मला मांडीवर धरलं.

"बाय, रेडिओ घेतलो?" कंडक्टरने विचारलं.

"रेडिओ न्हय, घोव केलो," यशोदा म्हणाली. "आतां होच माका पोसतलो."

मला नवरा म्हटलेलं ऐकून टोपल्या घेऊन बसलेल्या बायका हसल्या. मी मात्र तेव्हापासूनच थोडा घाबरलो. एवढ्याशा पेटीने एका माणसाला पोसायचं, म्हणजे एकही आकडा चुकून चालणार नव्हतं.

बूथमध्ये आलेला माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग बोलतो. मस्कतला बोलणारे म्हापशाला बोलणाऱ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतात. 'जेवलास?' हे विचारायला सगळ्यांना वेळ असतो. खरं सांगायचं असतं ते शेवटच्या दहा सेकंदांत येतं, माझ्या लाल आकड्यांवर डोळे लावून.

मालती दर शुक्रवारी यायची. तिचा नवरा मस्कतला एका कंपनीत होता आणि शुक्रवारी त्याला सुट्टी असायची. सुरुवातीला ती नंबर लिहिलेला कागद आणायची. पुढे यशोदालाच तो पाठ झाला. मालती दारात दिसली की यशोदा नंबर लावायला घ्यायची.

पेडण्यात दुपारी एक वाजला की दुकानांच्या फळ्या लागतात, त्या चारपर्यंत निघत नाहीत. यशोदाही फळ्या लावून घरी जेवायला आणि पडायला जायची. माझं बटण मात्र चालूच असायचं, नाहीतर घड्याळ मागे पडतं. अशाच एका शुक्रवारी दुपारी माझा पिवळा दिवा लागला. तार मुकी झाली होती. मी भेदरलो. अर्ध्या तासाने ती आपोआप जिवंत झाली. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग मी माझी समजूत घातली की इथे माणसं दुपारी पडतात, तशी तारही पडत असेल. ती चूक मला अजून सलते.

त्याच सुमाराला मालती यायची थांबली. नवरा रजेवर आला असेल, असं यशोदाला वाटलं.

दोन महिन्यांनी बिल आलं. बत्तीस हजार. माझ्या पट्ट्यांची बेरीज नऊ हजारांची होती. यशोदाने सगळ्या पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि तीनदा बेरीज केली. तिचा उंडा पाव चहात भिजून फुटला तरी तिचं लक्ष नव्हतं. बिलाखाली लिहिलं होतं की पंधरा दिवसांत पैसे न भरल्यास जोडणी तोडली जाईल. जोडणी गेली म्हणजे बूथ गेला, आणि बूथ गेला म्हणजे यशोदाजवळ दुसरं काही नव्हतं.

एक्स्चेंजमधून कृष्णनाथबाब आले. ते इंजिनिअर, शांत माणूस. त्यांनी माझं झाकण उघडलं, तारा लावल्या, घड्याळ तपासलं. मी श्वास रोखून बसलो. मीटरला श्वास नसतो, पण तसंच काहीतरी होतं.

"मीटर बरोबर आसा," ते म्हणाले.

मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण ते पुढे म्हणाले, "पण फोन मीटर सोडून सरळ भिंतीतल्या तारेक लावलो, तर हो बापडो कितें मोजतलो?"

"म्हणजे मी चोर?" यशोदाने विचारलं.

"मी म्हणत नाय बाय. कागद म्हणता."

जाताना त्यांनी परदेशच्या कॉलची यादी ठेवली. यशोदा एकेका ओळीवरून बोट फिरवू लागली. एका ओळीवर बोट थांबलं. तो मालतीच्या नवऱ्याचा नंबर होता. पुढे वार होता शुक्रवार आणि वेळ होती दुपारी दोन वीस. मग तिने बाकीच्या वेळा पाहिल्या. मी न मोजलेला प्रत्येक कॉल एक ते चारच्या मधला होता.

त्या दिवशी तिने फळ्या आतून लावल्या आणि जेवायला न जाता माझ्यासमोर बसून राहिली. दोन वाजून दहा मिनिटांनी माझा दिवा लागला. तिने तो कधीच पाहिला नव्हता. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं.

"कितले दिसांपासून लागता रे हो दिवो?" तिने मला विचारलं.

मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

तिने वेळ लिहून घेतली आणि कृष्णनाथबाबांना सांगितली. ते म्हणाले, "दिव्याची पट्टी येता?" पट्टी येत नाही. झालेल्या बोलण्याची मी पावती देतो, मुक्या तारेची देत नाही. "कोणीतरी माणूस सांगूंक जाय," ते म्हणाले, "नांव घालून."

तसं सांगणारं माणूस हवं, म्हणून यशोदाने मालतीला बोलावलं.

"आजकाल घोवाक फोन खंयसून करतस गो?"

मालती आधी लाजली, मग सांगू लागली. देवेश नावाचा माणूस केबल घालणाऱ्या ठेकेदाराकडे होता. तिठ्यावरच्या तारांच्या लोखंडी पेटीची चावी त्याच्याकडे असायची. दुपारी रस्ता सामसूम झाला की तो पेटी उघडायचा, एक तार सोडवायचा आणि हातातल्या फोनवरून मस्कत लावून द्यायचा. दहा मिनिटांना शंभर रुपये, माझ्या दराच्या कितीतरी खाली.

"तो म्हणालो, टेस्टिंगाची लायन, कोणाचां कांय जायना."

यशोदाने बिल तिच्यापुढे ठेवलं. "मग ह्यां कोणाचां जाता?"

मालतीने आकडा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "माका ठावक नासलां गो."

"आतां आसा मगे. चल, कृष्णनाथबाबाक सांग."

"देवेशाच्या भावानच आमच्या ह्यांका मस्कताक कामाक लायलो. तो थंय फोरमन आसा. उद्यां ह्यांका काडून घातल्यार?"

यशोदाने बिलाची घडी घातली. तिला एवढंच म्हणता आलं, "बरां. जा तूं. चुलीर कितें तरी आसतलां."

ते ऐकून मला यशोदाचा राग आला. आणखी दोन वाक्यं बोलली असती तर काय बिघडलं असतं? दिवस संपत होते. बाहेर मोटारसायकल थांबली तरी मला वाटायचं, तार तोडायला आले.

चौदाव्या दिवशी सकाळी मालती आली. तिच्या हातात स्वतः लिहिलेला अर्ज होता, खाली पूर्ण नाव आणि सही. "आतां वाचूंक सांग नको, मी परत वाचलंय तर फाडीन," ती म्हणाली. भर अकरा वाजता यशोदाने फळ्या लावल्या आणि दोघी एक्स्चेंजला गेल्या.

तिथे काय झालं ते मी यशोदाच्या तोंडून ऐकलं. पेटीत यशोदाच्या तारांच्या जोडीवर चिमट्याचे ताजे ओरखडे सापडले. जोडणी तोडायचं थांबलं. जादा रक्कम चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवली. पेटीला नवं कुलूप लागलं. देवेश त्यानंतर पेडण्यात दिसलेला नाही. दुपारी घरी जाण्याआधी यशोदा आता एक गुप्त आकडा लावते, म्हणजे लांबचे कॉल बंद होतात. चौकशीचा निकाल अजून यायचा आहे. म्हणून माझी भीती गेलेली नाही.

गेल्या शुक्रवारी मालती बूथमध्ये आली. यशोदाने नंबर लावला.

"मी नांव दिलां," मालती फोनमध्ये म्हणाली. "तुमका थंय कोणी कांय म्हणलां?"

पलीकडून काय आलं ते फक्त रिसीव्हर धरणाऱ्याला कळतं. मालती काहीच बोलेना. मी मोजत राहिलो. दहा सेकंद, वीस, चाळीस. गप्प राहण्याचा वेगळा दर माझ्याकडे नाही. शेवटी ती "बरां" म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

"कितें म्हणालो?" यशोदाने विचारलं.

"फोरमन ह्यांच्याशी बोलना जालो, म्हणाले. बाकी येत्या सुक्रारा कळतलां."

तिने माझी पट्टी फाडून घेतली आणि पहिल्यांदाच ती आकड्यागणिक वाचली.

तुम्हीही वाचा. पट्टी घेतल्याशिवाय जाऊ नका. आणि कुणी स्वस्तात लांबचं बोलायला देत असेल, तर आधी एवढंच विचारा, की ही तार कुणाच्या दाराशी जाते. मला ते विचारता आलं नाही.